सगळं होतं यात

मोबाइलच्या दुकानात टॅबलेट उलटासुलटा करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो : हा घेतला तर लॅपटॉपची गरज उरणार नाही ना? आणि काउंटरपलीकडच्या पोराचं उत्तरही ठरलेलं असतं : "सगळं होतं यात, काका." ते खोटंही नसतं. टॅबलेटवर पत्र लिहिता येतं, हिशेब मांडता येतो, मीटिंगला बसता येतं आणि मीटिंगमध्ये बसल्या बसल्या सिनेमाही पाहता येतो. सगळं होतं, फक्त ते कोण करतं, हे पोरगा सांगत नाही आणि काका विचारत नाहीत. माझं म्हणणं त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. टॅबलेट लॅपटॉपची जागा घेऊ शकतो का? जरूर घेऊ शकतो, ज्याच्या मागे दुसरं कुणीतरी लॅपटॉप उघडून बसलेलं आहे अशा माणसाकडे. ज्याच्या मागे तसं कुणी नसतं तो टॅबलेट घेतो आणि लवकरच असा कुणीतरी शोधायला बाहेर पडतो.

याचा सर्वांत ठळक पुरावा बहुतेक दर फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला साऱ्या देशाला टीव्हीवर दाखवला जातो. २०१९ साली अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चामडी ब्रीफकेसला रजा देऊन लाल कापडात गुंडाळलेलं बहीखातं आणलं, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लाल वेष्टनातून कागदांऐवजी टॅबलेट निघाला. टॅबलेटवाल्यांना याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं हवं? एवढ्या मोठ्या देशाचा अर्थसंकल्प ज्यावर मावला, त्यावर आपला घरखर्च मावणार नाही काय? पण संसदेत होतं ते अर्थसंकल्पाचं वाचन. त्याआधी कित्येक आठवडे अर्थमंत्रालयात अधिकारी आकड्यांशी झुंजत असतात, आणि हलव्याचा समारंभ उरकला की त्यांतल्या अनेकांना भाषण होईपर्यंत घरीही जाता येत नाही. त्या कोंडलेल्या मंडळींनी ती सगळी जुळवाजुळव मांडीवर टॅबलेट घेऊन, बोटाने रकाने सरकवत केली असेल, असं मानायला फार भाबडी श्रद्धा लागते. लाल कापडातला टॅबलेट चोख चालतो, कारण त्याच्यावरचं काम आधीच झालेलं असतं. टॅबलेट हे ताट आहे आणि लॅपटॉप हा स्वयंपाकाचा ओटा. ताट हलकं असतं, घासूनपुसून लख्ख असतं, ते घेऊन कुठेही बसता येतं. पण ताट आलं म्हणून ओट्याची गरज संपली, असं फक्त जेवायला बसलेल्यालाच वाटू शकतं.

हेच ऑफिसात. टॅबलेट कुणाच्या हातात असतो ते पाहावं. मीटिंगला साहेब टॅबलेट घेऊन येतात, त्यांच्याखालचे लॅपटॉप घेऊन येतात, आणि सर्वांत खालचा मुलगा लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि प्रोजेक्टरची ती कुठेच न बसणारी पिन घेऊन येतो. हुद्दा जितका जाड तितकं यंत्र पातळ. साहेब तक्ता दोन बोटांनी मोठा करून पाहतात आणि म्हणतात, "छान झालंय. फक्त तो तिसरा रकाना आधी घ्या, आणि शेजारी मागच्या वर्षीचे आकडे टाका." त्या 'फक्त'पायी मुलगा रात्री साडेनऊपर्यंत बसतो. उंटावरून शेळ्या हाकायला याहून सोयीचं साधन अजून निघालेलं नाही. साहेबांच्या मेलच्या तळाशी 'सेंट फ्रॉम माय आयपॅड' ही ओळ आपोआप उमटते आणि तिचा अर्थ हाताखालच्यांना बरोबर कळतो : स्पेलिंगच्या चुका माफ कराव्यात, सोबतची फाइल उघडलेली नाही, पुढचं तुम्ही बघा. अशा माणसाला विचारलं तर तो छातीवर हात ठेवून सांगेल की लॅपटॉपला हात लावून वर्षं लोटली. खरंच असतं ते. आयजीच्या जिवावर उदार होणाऱ्या बायजीला आपल्या उदारपणाबद्दल कधीच शंका नसते.

बरं, ही आशा काही दुकानातल्या पोराने जन्माला घातलेली नाही. २००१ साली बिल गेट्स यांनी लास व्हेगासच्या प्रदर्शनात भाकीत केलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा संगणक टॅबलेटच्या रूपातला असेल. पाच वर्षं आली आणि गेली, लोक लॅपटॉपच घेत राहिले. मग २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड दाखवला तो व्यासपीठावर ठेवलेल्या चामडी आरामखुर्चीत रेलून. यंत्र कशासाठी आहे हे ती खुर्चीच सांगत होती. प्रकरण खरं तर तिथेच मिटायचं. पण त्याच वर्षी जूनमध्ये ते म्हणाले की जुने संगणक ट्रकसारखे होतील; राहतील, पण लागतील थोड्यांनाच, बाकीच्यांचं कारवर भागेल. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली सरफेस प्रो ३ आणला तो लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट अशी दवंडी पिटूनच. त्यासाठी लागणारा कीबोर्ड मात्र वेगळे पैसे टाकून घ्यायचा होता. २०१५ मध्ये आयपॅड प्रो विकायला काढताना टिम कुक यांनी विचारलं की आता पीसी कुणी घ्यावाच कशाला. आणि २०१७ च्या जाहिरातीत तर अंगणात आयपॅड घेऊन पालथी पडलेल्या मुलीला शेजारीण विचारते, कॉम्प्युटरवर काय करतेस, तेव्हा ती उलट विचारते, कॉम्प्युटर म्हणजे काय? जी कंपनी ही जाहिरात दाखवत होती ती त्या वेळी स्वतः कॉम्प्युटरही विकत होती, त्यामुळे उत्तर शोधायला तिला फार लांब जावं लागलं नसतं.

आणि एवढ्या आत्मविश्वासाने मिरवणाऱ्या या यंत्रात कॅल्क्युलेटर नव्हता. कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटर आयपॅडवर आला २०२४ साली, म्हणजे यंत्र जन्मल्यावर चौदा वर्षांनी. किराणा दुकानात गल्ल्याशेजारी तेलकट बोटांनी दाबलं जाणारं जे यंत्र पडलेलं असतं, ते लाखभराच्या आयपॅडवर हवं असलं तर तोवर कुणा तिऱ्हाइताचं ॲप उतरवावं लागे आणि सात गुणिले आठ किती हे कळण्याआधी जाहिरात पाहावी लागे. कंपनीचा खुलासा असा की करायचं तर उत्तमच करायचं, म्हणून थांबलो होतो. उत्तम बेरीज आणि साधी बेरीज यांत फरक काय असतो, हे सांगायचं राहून गेलं. फाइली ठेवायला कपाट मिळालं २०१७ मध्ये, माउस नीट चालायला लागला २०२० मध्ये, आणि ज्यावर आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगपासून शाळेच्या गृहपाठापर्यंत सगळा कारभार चालतो त्या व्हॉट्सॲपचं आयपॅडसाठीचं ॲप आलं २०२५ च्या मे महिन्यात. मी हे खिजवायला सांगत नाही. चौदा वर्षं कॅल्क्युलेटर नसूनही आयपॅड खोऱ्याने खपला, याचा अर्थ सरळ आहे : घेणाऱ्यांना त्यावर बेरीज करायचीच नव्हती. बेरीज दुसरीकडे होत होती.

इथे कुणी म्हणेल, ही सगळी जुनी रड आहे, आता या यंत्रांत ताकद पाहा केवढी आली. ताकदीबद्दल वादच नाही. ॲपलची एम४ चिप मे २०२४ मध्ये आधी आयपॅडमध्ये आली आणि कंपनीच्याच लॅपटॉपना ती मिळायला पुढची दिवाळी उजाडली. इंजिन तेच, किंबहुना टॅबलेटला आधी. पण म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो. इंजिन तेच असताना गाडी अडते कुठे? माझ्या मते ती अडते 'रोजचं काम' या आपल्या कल्पनेत. रोजचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपण स्वतः येतो, हातात कॉफीचा कप, समोर मोकळं पान, खिडकीतून ऊन. असलं काम टॅबलेटवर झकास होतं. पण माणसाच्या दिवसातलं बहुतेक काम परक्यांचं असतं : बँकेचा नमुना, सरकारचा अर्ज, छापखान्याची फाइल, सीएने मागितलेला तक्ता, भावकीतल्या कुणाची पेनड्राइव्ह. ते काम ज्याने जन्माला घातलं त्याच्या टेबलावर विंडोजचा कॉम्प्युटर आहे, आणि पलीकडेही तोच असणार हे त्याने गृहीतच धरलेलं आहे. जॉब्ज यांची कार उत्तम होती. आपल्याकडे मात्र रिकामी कार दिसली की शेजारी त्यात गव्हाचं पोतं टाकतात.

बँकेच्या भरतीचा अर्ज घ्या. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी, आणि स्वतःच्या हस्ताक्षरात इंग्रजीत लिहिलेलं घोषणापत्र ५० ते १०० केबी. आता गंमत बघा. कित्येक टॅबलेट मालकाला अंगठ्यावरून ओळखतात, पण अर्जाला तो ओळखीचा अंगठा चालत नाही. त्याला शाईच्या पॅडवर टेकवून पांढऱ्या कागदावर उमटवलेलाच लागतो. तेव्हा ठसा उमटवायचा, निळा अंगठा टॅबलेटला लागू न देता तो दोन्ही हातांनी वर धरायचा, आणि कागदावर स्वतःचीच सावली पडणार नाही अशा बेताने फोटो काढायचा. फोटो उतरतो दीड-दोन एमबीचा, आणि आयपॅड असेल तर बहुधा जेपीजीसुद्धा नव्हे, एचईआयसी नावाच्या भलत्याच जातीचा. त्याचे पन्नास केबी करायचे. लॅपटॉपवर हे 'पेंट'मध्ये दोन मिनिटांचं काम. टॅबलेटवर आधी फोटो बारीक करणारं ॲप शोधायचं, मग जाहिरात पाहायची, फोटो एक्कावन्न केबींवर अडला की पुन्हा जाहिरात पाहायची. बारीक झालेला फोटो 'फोटोज'मध्ये गेला, 'फाइल्स'मध्ये गेला की ॲपच्याच पोटात राहिला, यावर घरात दोन मतं पडतात. एकीकडे पडद्यावरचा कीबोर्ड वर येऊन अर्धा अर्ज झाकतो आणि जो रकाना भरायचा तोच नेमका त्याच्याखाली दडतो. दुसरीकडे ओटीपी येतो, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. धावत जाऊन येईतो साइट म्हणते, 'सेशन एक्स्पायर्ड'. शेवटी उमेदवार टॅबलेट मिटतो आणि कोपऱ्यावरच्या 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' या पाटीखाली जाऊन उभा राहतो. आत जुनाट डेस्कटॉप असतो, कीबोर्डवरची 'ए' आणि 'एस' ही अक्षरं झिजून गेलेली, आणि त्यापुढचा माणूस फोनवर बोलता बोलता अंगठ्याचे सत्तेचाळीस केबी करून देतो. म्हटलं तर टॅबलेट हरला, म्हटलं तर त्याला त्याचा लॅपटॉपवाला पन्नास-शंभर रुपयांत मिळाला.

मराठीतून काम करणाऱ्यांची आणखी एक वेगळी तऱ्हा आहे. युनिकोड मराठी टॅबलेटवर छान उमटते, बोलून लिहिलं तर त्याहून छान, हे आधी मान्य करून टाकू. पण पत्रिका, स्मरणिका, अहवाल, दिवाळी अंक यांचा मजकूर वर्षानुवर्षं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये बसवला गेला आहे, आणि छापखान्यातल्या डीटीपीवाल्याचं वाक्य अजून बदललेलं नाही : "पीडीएफ नको, ओपन फाइल पाठवा." ती ओपन फाइल टॅबलेटवर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा चिवडा दिसतो. टंकलेखनाचंही तेच. क्लार्क व्हायचं तर मराठी टायपिंगचं मिनिटाला तीस शब्दांचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते खऱ्या कीबोर्डवर, 'एफ' आणि 'जे'वरचे ते दोन बारीक उंचवटे बोटांनी चाचपत, न पाहता मिळवायचं असतं. काचेवर उंचवटे नसतात, तिथे बोटांना घर नाही. आणि कंत्राटदाराला ई-टेंडर भरायचं असेल तर डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा डोंगल लागतो. बहुतेक टॅबलेटना भोक एकच, त्यात चार्जर घालायचा की सही, हा पहिला प्रश्न. आणि सही घातलीच तरी तिच्याशी बोलायचं कसं हे बहुतेक टॅबलेटना कुणी शिकवलेलं नाही, हा दुसरा.

यावर ठरलेलं उत्तर येतं : कीबोर्ड जोडा की! जोडू या. २०२४ साली १३ इंची आयपॅड प्रो बाजारात आला तो १,२९,९०० रुपयांपासून पुढे. त्याचा कीबोर्ड ३३,९०० रुपये. सोबत पेन्सिल घेतली तर आणखी ११,९००. एवढ्या पैशांत मिळालेल्या पेन्सिलीला टोक काढावं लागत नाही, हा फायदा. बेरीज १,७५,७०० होते. (ही बेरीज त्या वर्षाच्या सुरुवातीला घेतलेल्या आयपॅडवर करायची झाली असती तर अडचण होती.) त्याच सुमारास त्याच कंपनीचा मॅकबुक एअर १,१४,९०० रुपयांपासून मिळत होता, कीबोर्ड आतच, फुकट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते वेगळं. इथे कोंबडीच आधी रुपयाची आहे. वजनाचं म्हणाल तर नुसता आयपॅड ५७९ ग्रॅम, कीबोर्ड लावला की सव्वा किलोच्या आसपास, आणि मॅकबुक एअर १.२४ किलो. म्हणजे पैसे अधिक, वजन तेवढंच, आणि हाती काय, तर लॅपटॉपसारखं दिसणारं काहीतरी. शिवाय पाय काढून उभे राहणारे सरफेससारखे टॅबलेट टेबलावर राजबिंडे दिसतात खरे, पण गाडीत मांडीवर घेतले की तो मागचा पाय गुडघ्याच्या अलीकडे टेकवायचा की पलीकडे, याचा निर्णय होईतो लोणावळा येतं. ज्या यंत्राला लॅपटॉप व्हायला जोड लागते त्याने लॅपटॉपची जागा घेतली असं म्हणायचं की लॅपटॉपने त्याची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता खऱ्या अपवादांकडे येतो, कारण त्यांच्याकडे डोळेझाक केली तर हा लेख नुसता कुरकुरीचा होईल. चित्रकार. प्रोक्रिएट हे ॲप २०११ पासून आहे, आणि त्यावर काढणाऱ्यांचा हात पाहिला की टॅबलेटची टिंगल करणारा माणूस गप्प बसतो. काचेवर पेन्सिल टेकवून थेट रेघ ओढायची, हे साध्या लॅपटॉपवर होणार नाही, कधीच होणार नव्हतं. तिथे टॅबलेट कुणाचीही जागा घेत नाही, त्याची स्वतःची जागा आहे, आणि ती चित्रकाराच्या टेबलाच्या मधोमध. वैमानिकांचं उदाहरणही नेहमी दिलं जातं : अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ पर्यंत कॉकपिटमधल्या कागदी नकाशांच्या आणि पुस्तकांच्या पंधरा-सोळा किलोंच्या बॅगा हटवून आयपॅड आणले. झकास केलं. पण ते नकाशे वैमानिक वाचतो, काढत नाही. ते सुधारून पाठवणारी मंडळी जमिनीवर मोठाले पडदे मांडून बसलेली असतात. भावगीतांच्या मंचावर गायकापुढे स्टँडवर टॅबलेट असतो, आणि वहीचं पान वाऱ्याने उलटून दुसऱ्या अंतऱ्याच्या जागी तिसरा गायला जाण्याचा काळ त्याने संपवला, याबद्दल श्रोत्यांनी त्याचे आभारच मानायला हवेत. तरी त्यातली गाणी मात्रांनिशी, पट्टीनिशी, ओळीने कुणी लावून ठेवली, हे गायकाला विचारून पाहा. तो मागे तबलजीकडे नाही, विंगेत उभ्या असलेल्या शिष्याकडे पाहील.

तरुण मंडळींचा आक्षेप निराळाच, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यांचं म्हणणं, काका, लॅपटॉपची जागा केव्हाच घेतली गेली, पण टॅबलेटने नव्हे, फोनने. हे सोळा आणे खरं. पैसे पाठवणं, रेल्वेचं तिकीट, सातबारा, वीजबिल, आधार, सगळं पाच-सहा इंचांच्या पडद्यावर अंगठ्याने चालतं. ज्यांनी जन्मात लॅपटॉप घेतला नाही अशा कोट्यवधी लोकांचं काही अडलेलं नाही. यात टॅबलेटची मात्र पंचाईत झाली : खिशात मावत नाही आणि मांडीवर ठरत नाही. सरकारांचा टॅबलेटवरचा जीव पाहता हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' आला, सरकारला सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडणारा, सात इंची. त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा होता आणि पडदा बोटाच्या स्पर्शाला नव्हे, दाबाला ओळखणारा. त्यामुळे आज्ञाधारकपणा हा गुण विद्यार्थ्यात नव्हे, यंत्रात दाबून आणावा लागे. उत्तर प्रदेशात २०१२ च्या निवडणुकीत समाजवादी पक्षाने दहावीवाल्यांना टॅबलेट आणि बारावीवाल्यांना लॅपटॉप कबूल केले. सत्ता आल्यावर लॅपटॉप वाटले गेले, टॅबलेट मागे पडले. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले ते दप्तराचं ओझं उतरवायला. 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था जेईई-नीटच्या विद्यार्थ्यांना टॅब देते. यातल्या शेवटच्या दोन्ही कल्पना मला मुळीच वाईट वाटत नाहीत. धडा वाचायला, व्याख्यान ऐकायला, प्रश्नसंच सोडवायला टॅब उत्तम. पण त्या टॅबवर चढवलेला धडा कुणीतरी शिक्षकाने रात्री बसून लॅपटॉपवर बनवलेला असतो, आणि दप्तर हलकं होण्याआधी ते ओझं त्याच्या खांद्यावरून फिरून आलेलं असतं.

राहता राहिला भविष्याचा आक्षेप : आज नसेल, उद्या होईल. २०२५ मध्ये आयपॅडला खऱ्याखुऱ्या खिडक्या आल्या, ओढून लहानमोठ्या करता येणाऱ्या, एकावर एक रचता येणाऱ्या. वर मेन्यूंची पट्टीही आली. सॅमसंगच्या टॅबलेटवर 'डेक्स' त्याआधीपासून कॉम्प्युटरसारखा पडदा मांडून देतोच आहे. प्रगती आहे, पण तिची दिशा पाहा. बोटाने चालणाऱ्या यंत्राला आधी कीबोर्ड लागला, मग पेन्सिल, मग फाइलींचं कपाट, मग माउसचा बाण, मग खिडक्या. टॅबलेट जसजसा कामाचा होत जातो तसतसा तो लॅपटॉपसारखा होत जातो. उलट्या बाजूनेही एकदा प्रयत्न झाला होता. २०१२ साली विंडोज ८ ने साध्यासुध्या कॉम्प्युटरवर टॅबलेटच्या रंगीत फरश्या बसवल्या आणि 'स्टार्ट'चं बटणच काढून टाकलं. जगभरच्या कारकुनांनी, हिशेबनिसांनी आणि सामान्य माणसांनी एवढा गिल्ला केला की वर्षभरात बटण परत आणावं लागलं. ज्यांना वाटतं की सवयीचे गुलाम म्हणून लोक लॅपटॉपला चिकटून आहेत, त्यांनी हा प्रसंग आठवावा. लोक सवय मोडतात. फोनसाठी त्यांनी लँडलाइन, घड्याळ, कॅमेरा, टॉर्च आणि शेजाऱ्यांशी बोलणं, सगळं मोडलं. जिथे काम अडतं तिथे मात्र मोडत नाहीत.

तेव्हा टॅबलेट घेऊ नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. निवृत्त माणसाला, वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत वाचू इच्छिणाऱ्या आजींना, नातवाशी रोज रात्री बोलणाऱ्या आजोबांना त्याच्याइतकं सुखाचं यंत्र नाही. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला तर तो अपडेट व्हायला लागतो आणि ते घाबरतात. पण त्या सुखामागेही एक माणूस आहे. तो न्यू जर्सीत नाहीतर हिंजवडीत असतो, सुट्टीला आला की दोन दिवस पासवर्ड बदलण्यात घालवतो, आणि रात्री अकराला त्याला फोन येतो, "अरे, ते पेन्शनचं पान उघडत नाहीये." तो म्हणतो, "बाबा, स्क्रीनशॉट पाठवा." बाबा टॅबलेटचा फोनने फोटो काढून पाठवतात, त्यात ट्यूबलाइट स्पष्ट दिसते. म्हणून घरात टॅबलेट आणायचा तर कंपनी, मेमरी, पडद्याचे इंच यांची चौकशी सावकाश करावी. आधी आप्तस्वकीयांत लॅपटॉपवाला कोण, तो राहतो किती अंतरावर आणि फोन कितव्या रिंगला उचलतो, ते पाहावं. भाचा असेल तर फार चांगलं. अविवाहित असेल तर त्याचे रविवार अजून मोकळे असतात. त्याला खाऊपिऊ घालून सहज विचारावं की तुझा लॅपटॉप बदलायचा विचार तर नाही ना. आणि तो जर म्हणाला, "मामा, मीही टॅबलेटच घेतोय, सगळं होतं त्यात," तर आपली खरेदी तिथल्या तिथे रद्द करून त्याला एक बरासा लॅपटॉप घेऊन द्यावा.